बाबांची फ्रेंच, आईची फ्रेंच

माझ्याकडे दिल्लीत, द्वारकेला फ्रेंचच्या शिकवणीला येणारी मुलं फार लाडावलेली आहेत, हे आधीच सांगून टाकते. आठवीतलं पोर, आई गाडीतून सोडते, आणि आल्या आल्या विचारतं, "मॅम, ये एग्ज़ाम में आएगा क्या?" नाही म्हटलं की वही बंद. परवा एकाने पुस्तकाच्या शेवटी दिलेला क्रियापदांचा तक्ता उघडला, एका रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅम, ये वाला किसलिए होता है?" मी म्हटलं, "तेरे काम का नहीं है. छोड़ दे." तो खूश झाला. मी मात्र उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच चहाचं आधण ठेवलं.

त्या रकान्यातली रूपं मला फ्रेंचचं अक्षरही येत नव्हतं तेव्हापासून पाठ आहेत. क ज फ्यूस, क त्यू फ्यूस, किल फ्यू. 'मी असावं', 'तू असावंस', 'त्याने असावं' असा काहीसा अर्थ, आणि तोही भूतकाळातला. म्हणजे कुणाची तरी पूर्वी कधी इच्छा होती की असं असं व्हावं, तेव्हा वापरायचं रूप. लहानपणी मला वाटायचं, हे एखादं स्तोत्रच आहे. कारण बाबा ते दाढी करताना म्हणायचे, आणि चालीवर म्हणायचे.

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरात राहत होतो. सरकारी क्वार्टर, वरचा मजला, दोन खोल्या आणि मागे एक लांबट गॅलरी. बाबा एका मंत्रालयात असिस्टंट होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट; स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, ते दिवस. एका संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले ते बूट न काढता थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आमच्याकडे हे म्हणजे आक्रीतच. म्हणाले, परदेशातल्या एका भारतीय वकिलातीत तीन वर्षांसाठी माणूस हवाय आणि आपलं नाव पुढे गेलंय. देश पश्चिम आफ्रिकेतला. तिथे फ्रेंच चालते, त्यामुळे जाण्याआधी फ्रेंचची तोंडी परीक्षा द्यावी लागेल. ती पास झाली की बायकोमुलांसकट जायचं. नापास झाली की दुसरा माणूस जाणार.

आईने त्या देशाचं नाव म्हणून पाहिलं. तिला ते जमलं नाही. बाबांनी सुधारून दिलं. तिने पुन्हा म्हटलं, बाबांनी पुन्हा सुधारलं. तिसऱ्यांदा तिने म्हटलंच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या देशाचं नाव 'तिकडे' पडलं. तिकडे हिंग मिळेल का हो? तिकडे हिची शाळा कशी असेल? तिकडे म्हणे आंबे असतात!

आता बाबांच्या या सुधारण्याबद्दल सांगायलाच हवं. बाबा कधी आवाज चढवत नसत. आईवर ते रागावल्याचं मला आठवत नाही. पण अशुद्ध बोललेलं त्यांना सहन व्हायचं नाही, जेवताना दाताखाली खडा यावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. आई सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, तिचे दोन भाऊ फौजेत. ती 'आनि' म्हणायची, 'पानी' म्हणायची. "पानी नव्हे, पाणी," बाबा म्हणायचे. अगदी शांतपणे, पेपरातून मान वर न काढता. घरात पाहुणे असले तरी. मग दिल्लीत आल्यावर हिंदीची भर पडली. "हम भाजी लेने को गई थी" असं आई म्हणाली की भाजीवाला हसायचा, शेजारीण हसायची, मी हसायचे आणि बाबा सुधारायचे. बिचारी जाणार कुठे?

ती बोलायचीच बंद झाली. मंडळाच्या गणपतीत बायका कोंडाळं करून गप्पा मारायच्या, तेव्हा ही आत मोदक वळत बसायची. लोक बाबांना म्हणायचे, "वहिनी किती शांत आहेत हो!" शांत? माझी आई? अहो, सुट्टीत मामाच्या घरी गेलं की तिची टकळी अशी चालायची की मामा हात जोडून म्हणायचा, "आक्का, मध्ये श्वास तरी घे." दिल्लीची गाडी पकडली की ती टकळी बंद. मला लहानपणी ते प्रवासाच्या दगदगीमुळे होतं असं वाटायचं.

बाबांनी परीक्षेची तयारी कशी केली असेल? दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथून त्यांनी एक जाडजूड फ्रेंच व्याकरण आणलं. इंग्रजांच्या काळातलं, कव्हर निखळलेलं, आतून वाळवीने चाखलेलं. बाबांना काय आनंद! त्यांनी खळ करून त्याला नवं कव्हर घातलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. संस्कृत आपण कसं शिकलो? देवः देवौ देवाः. आधी रूपं पाठ, मग सगळं आपोआप. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक पाठ झालं की भाषा आली. पहाटे अंघोळ करून, मांडी ठोकून बसायचे आणि मागे-पुढे डुलत फ्रेंच क्रियापदं चालवायचे. मी पाचवीत होते. पुस्तक हातात धरून त्यांचं पाठ झालंय की नाही ते बघायचं काम माझं. मला काही कळायचं नाही, मी नुसती इंग्रजी अक्षरं जुळवून बघायचे. ते चुकत नसत, हे मात्र खरं. एका रूपात कधी चुकले नाहीत.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब होतं. काका अशाच एका फ्रेंच बोलणाऱ्या देशात वकिलातीत काही वर्षं राहून आलेले. काकूंना सगळी कॉलनी मामी म्हणायची, म्हणून आम्हीही मामी म्हणायचो. मामींना तिकडच्या बाजारात रोज उभं राहून घासाघीस करायची सवय झालेली, त्यामुळे त्या फ्रेंच बोलायच्या ती धडाधड, जिना उतरल्यासारखी. बाबांची बातमी कळताच त्या वर आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, आप शाम को नीचे आओ. एक घंटा हम बात करेगा. टमाटर, टैक्सी, डॉक्टर, सब आ जाएगा. बिल्कुल डर नहीं."

बाबांनी हात जोडले, आभार मानले, चहा पाजला. मामी गेल्यावर म्हणाले, "ती शिकण्याची पद्धत नव्हे. लिंग नाही, वचन नाही, काळाचा पत्ता नाही. बाजारी बोली आहे ती. एकदा जिभेला तसं वळण पडलं की जन्मात सुटायचं नाही." बोलताना त्यांची नजर आईकडे गेली नव्हती, पण आई कपबशा उचलत होती आणि तिने ते ऐकलं. कपबशा घेऊन ती आत गेली.

थंडी सुरू झाली. दिल्लीच्या थंडीत घरात बसवत नाही, सगळी कॉलनी उन्हात येते. क्वार्टरांच्या मागच्या हिरवळीवर खाटा टाकायच्या, बायकांनी मटार सोलायचे, विणायचं, केस वाळवायचे. मी शाळेतून यायचे तेव्हा घराला कुलूप असायचं आणि आई खाली मामींच्या खाटेवर. आधी मला वाटलं, दोघी नुसत्या बसतात. बोलणार काय? मामींचं हिंदी तोडकंमोडकं, आईचं त्याहून. मामींना मराठी येत नाही, आईला तमिळ येत नाही, इंग्रजी आईला अजिबात नाही. मग एक दिवस जवळ गेले तर काय, दोघी फ्रेंच बोलत होत्या!

म्हणजे सुरुवात मटारापासून झाली असणार. मामी एक शेंग उचलून नाव सांगायच्या, आई म्हणायची. मग गाजर, मग कांदा, मग ऊन, मग शेजारीण, मग शेजारणीच्या सुनेच्या कागाळ्या. कागाळ्या सुरू झाल्या की कुठलीही भाषा पटकन येते, हे मी पुढे वर्गात किती वेळा पाहिलंय. आई चुकायची. मामीही चुकत असणार. पण कुणी कुणाला थांबवत नव्हतं. होळी येईस्तोवर दोघी फ्रेंचमधून भांडायला लागल्या होत्या. "मे नों!" आई म्हणायची, म्हणजे छे, मुळीच नाही, आणि लोकरीचा गुंडा मामींच्या अंगावर टाकायची. मामी मांडीवर थापा मारत हसायच्या. आईही हसायची, तोंडावर पदर न घेता, मामाच्या घरी हसायची तशी. शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन मी बघत उभी राहायचे. मला वाटायचं, ही कोण बाई?

"बाबांना एवढ्यात सांगू नकोस हं," जिना चढताना तिने मला बजावलं. "परीक्षा होऊ दे. मग तिकडे गेल्यावर बाजारात मी एकदम बोलायला लागणार. हे बसतील पुस्तक उघडून!" आणि मग एका पायरीवर थांबून, दम खात, ती म्हणाली, "तिकडे मला कुणी हसणार नाही गं. तिकडे सगळेच नवे. मीसुद्धा आणि हेसुद्धा." तिला जायचं होतं ते असं. बाबांना पगारासाठी, बढतीसाठी, गावात नाव होईल म्हणून जायचं असेल. आईला बोलायला जायचं होतं. दहा वर्षांची मुलगी असले तरी मला तेवढं कळलं आणि मी देवाला रोज बाबांच्या परीक्षेसाठी नमस्कार करायला लागले.

घरात तयारी सुरू झाली. आईने तीन वर्षं पुरेल एवढा गोडा मसाला करायला घेतला. दगडफूल, नागकेशर गावाहून मागवलं. गॅलरीत कुटायला बसली की खालून मामी शिंकायच्या आणि फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडायच्या, आई वरून उत्तर द्यायची. बाबा ऑफिसात असायचे तेव्हा हे चालायचं. आजोबांनी गावाहून लोकरीची कानटोपी पाठवली. आफ्रिकेत कानटोपी! पण फॉरेन म्हणजे थंडी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि बाबांनीही ती ट्रंकेत ठेवून दिली.

बाबा तोवर पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाला भिडले होते. तेच ते, क ज फ्यूस. हे प्रकरण त्यांना इतर सगळ्यांहून आवडलं. मला म्हणाले, "हे ज्याला आलं त्याला भाषा आली समज. किती सूक्ष्म विचार आहे बघ! नुसती इच्छा नव्हे, होऊन गेलेली इच्छा." खालचे काका जिन्यात भेटले की म्हणायचे, "सर, थोड़ा बोलने का प्रैक्टिस भी करो." बाबा हसून म्हणायचे, "पहले नींव पक्की हो जाए." त्यांना वाटायचं, परीक्षकाच्या पुढ्यात बसलो की आतलं सगळं आपोआप रांगेत बाहेर येईल. आमच्या घराण्यात सगळ्यांना असंच वाटत आलंय. पाठ केलं की आलं.

परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर झाली, कस्तुरबा गांधी मार्गाकडच्या एका सरकारी इमारतीत. आईने सकाळी बाबांच्या हातावर दही घातलं. त्यांनी देवाला, मग पुस्तकाला नमस्कार केला. लग्नातला कोट घातला, टाय खालच्या काकांनी बांधून दिला. बस सुटेल म्हणून ते घाईने गेले, आणि आई कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागे चालत गेली. एरवी ती कधी जात नसे. परत आली ती थेट मामींकडे. मला शाळेला सुट्टी होती. दोघींनी दुपारभर काहीही काम केलं नाही.

बाबा परतले ते नेहमीच्या वेळेच्या आधी. बूट काढले, कोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि कॉटवर बसले. आई पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली.  निकाल त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होता.

"सगळं कळत होतं गं मला," बाबा म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. "एक वयस्कर बाई होत्या. फार सभ्य. नाव, गाव विचारलं, ते सांगितलं. मग हसून म्हणाल्या, तुमच्या पत्नीचं काय? ही संधी आल्यावर त्यांची काय इच्छा होती? मला वाटलं, हे तर माझ्या शेवटच्या प्रकरणातलंच! 'तिची इच्छा होती की आम्ही जावं', एवढंच वाक्य. मी मनात क्रियापद पहिल्यापासून चालवायला घेतलं. रूप अगदी हाताशी आलं होतं. तोवर बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. मी त्याचं वाक्य जुळवायला घेतलं. त्यांनी तिसरा विचारला. थांबेचनात गं त्या. शेवटी इंग्रजीत म्हणाल्या, तुमचा अभ्यास पुष्कळ दिसतो, पण तुम्ही कुणाशी तरी बोलायला हवं होतं."

पंखा फिरत होता. आई भांडं हातात धरून उभी होती. आणि मग, मला अजून कळत नाही ती असं का करून बसली, कदाचित त्यांना बरं वाटावं म्हणून, कदाचित आता गंमत राखून ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता म्हणून, तिने त्या परीक्षक बाईंच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. फ्रेंचमध्ये दिलं. "ज वुले कों पार्त." माझी इच्छा होती की आपण जावं. सरळ, न अडखळता, 'मटार संपले' म्हणावं इतक्या साधेपणाने.

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. इतकं आश्चर्य मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.  मला वाटलं, आता विचारतील, अगं, हे तू कधी शिकलीस? आता हसतील. काय वाटेल ते करा बाबा, पण हसा!

"पार्त नव्हे," बाबा म्हणाले. "पार्ती."

वाईट हेतू नव्हता, शपथेवर सांगते. ते रूप त्यांना बाईंपुढे सापडलं नव्हतं आणि आता सापडलं, म्हणून तोंडातून निसटलं असेल. किंवा इतक्या वर्षांची सवय. आईने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं, भांडं त्यांच्या हातात दिलं आणि आत जाऊन कुकर लावला. त्या दिवसानंतर तिच्या तोंडून फ्रेंचचा एक शब्द मी ऐकला नाही. मामींशीसुद्धा ती हिंदीत बोलायला लागली. मामी आधी चिडवायच्या, फ्रेंचमध्ये ओरडायच्या, मग त्यांनीही सोडून दिलं.

आणि खरं सांगायचं तर एवढ्यावर सगळं संपलं नव्हतं, म्हणून तर मला अजून राग येतो. ऑफिसने बाबांना दुसरी संधी दिली. पावसाळ्यानंतर पुन्हा परीक्षा होणार होती. काकांनी स्वतः वर येऊन बाबांना सांगितलं, "सर, घर में ही टीचर है आपके पास. मेरी वाइफ बोलती है, आपकी मिसेज़ तो एकदम चालू हो गई है." बाबांनी मान डोलावली. मग सगळा उन्हाळा गेला. संध्याकाळी गॅलरीत पाणी मारून खुर्च्या टाकायचो. बाबा एका खुर्चीत, आई समोर तांदूळ निवडत. मी अभ्यासाचं पुस्तक नाकासमोर धरून बसायचे आणि मनात म्हणायचे, विचारा ना. काय जातंय तुमचं? नुसतं 'बस, बोल माझ्याशी' म्हणा. एकदा बाबा म्हणालेही, "अगं..." आईने मान वर केली. "काय?" बाबा म्हणाले, "काही नाही. उकडतंय आज."

पावसाळा संपता संपता बाबांनी ऑफिसात सांगून टाकलं की माझं नाव काढा, घरच्या अडचणी आहेत. दुसरा कुणीतरी गेला. वर्षभराने काकांची बदली झाली. ट्रक भरून झाल्यावर मामींनी आईला घट्ट धरलं आणि डोळे पुसत फ्रेंचमध्ये बराच वेळ काहीतरी बोलल्या. आईने सगळं ऐकून घेतलं. तिला सगळं कळत होतं, तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मग म्हणाली, "अच्छा मामी. चिट्ठी लिखना." तो तीन वर्षांचा मसाला आम्ही लक्ष्मीबाई नगरातच संपवला. पुढे पुढे त्याचा वास उडाला होता, पण आईने टाकला नाही.

शाळेत तिसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा मी संस्कृत सोडून फ्रेंच घेतली. कॉलेजातही तीच. घरात कुणी का म्हणून विचारलं नाही. कॉलेजात बाई शिकवत असताना एकदा तो रकाना आला. मी घडाघडा म्हणून दाखवला, अख्खा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. बाई हसून म्हणाल्या, "शाबास, पण हे आता फक्त जुन्या पुस्तकांत वाचायचं. बोलताना कुणी असं बोललं तर फ्रेंच माणसंसुद्धा हसतील. बोलताना साधं रूप वापरायचं." आणि त्यांनी फळ्यावर उदाहरणं लिहिली. माझी इच्छा होती की तू यावंस. माझी इच्छा होती की आपण जावं. तिथे पार्त लिहिलं होतं. मी वर्गात बसून रडले, आणि शेजारच्या मुलीला सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलंय.

घरी काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण बाबांनीच विचारलं. पेपर वाचता वाचता म्हणाले, "ते शेवटचं प्रकरण शिकवतात का गं तुम्हाला?" खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "वाचण्यापुरतं. बोलत नाही कुणी."  बाबांनी बराच वेळ पेपराचं पान उलटलं नाही. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे पार्त चालतं?"

इतक्या वर्षांनी त्यांना तो शब्द आठवत होता. "चालतं, बाबा," मी म्हटलं. "तेच बोलतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती, तिची पाठ आम्हाला दिसत होती. बाबा तिकडे बघत बसले. मला वाटलं, आता उठतील. उठा ना बाबा, यार, दहा पावलांवर तर आहे ती. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकलेही. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पेपर उचलला. त्यानंतर त्यांनी आईचं बोलणं कधी सुधारलं नाही. पण तोवर सुधारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई 'आणि' म्हणायला लागली होती, 'पाणी' म्हणायला लागली होती, आणि बोलायची अगदी मोजकं.

बाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यावर आई माझ्याकडे द्वारकेला आली ती शेवटपर्यंत राहिली. ते होते तोवर मी तिला काही सांगितलं नव्हतं. नवऱ्याची चूक बायकोला दाखवून द्यायला मुलीने का जावं, असं वाटायचं. पण ते गेल्यावर मला राहवेना. एका दुपारी बाल्कनीत ती लसूण सोलत होती आणि विमानं एकामागून एक उतरत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी तू बोललीस ना, ते बरोबर होतं. पार्तच बरोबर. मी शिकवते ना, मला माहीत आहे."

तिने मान वर केली नाही. "ठाऊक आहे मला," म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हाच. मामी एवढी वर्षं तिथल्या लोकांत बोलून आल्या होत्या. त्या का चुकीचं शिकवतील?"

मी चिडलेच. "मग तिथल्या तिथे सांगायचं नाही का? म्हणायचं, तुमचं चुकतंय!"

"ते बाहेर हरून आले होते गं," आई म्हणाली. "आल्या आल्या घरातही हरवू का त्यांना?"

"आणि नंतर? सगळा उन्हाळा होता की हातात."

तिने सोललेली पाकळी ताटलीत टाकली, दुसरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "वाट बघितली मी रोज," ती म्हणाली. "एकदा विचारतील म्हटलं. एकदाच म्हणाले असते, बस, बोल, तर पास केलं असतं मी त्यांना." मग डोक्यावरून उतरणाऱ्या विमानाच्या आवाजात ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. विमान गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"फार जायचं होतं गं मला," आई म्हणाली.